वही छापायची म्हणतेस, तर ऐक

तुझी वही वाचली गं. तिखटाच्या ताडपत्रीचं प्रकरण वाचताना एकटीच मोठ्यानं हसत सुटले. आणि शेवटचं ‘ख्रिस्ती पत्नीची अधीनता’ हे प्रकरण वाचताना मन खट्टू झालं. आधीच्या सगळ्या पानांत तू आहेस, तुझा नवरा आहे, सासूबाई आहेत, गल्लीतल्या बाया आहेत, अख्खं भिवापूर आहे. शेवटच्या प्रकरणात माणूसच नाही. तिथे नुसतं ‘पत्नीने असे वागावे’ आणि ‘पत्नीने तसे बोलू नये’. असलं कुठल्याही मंडळीत, कुठल्याही रविवारी ऐकायला मिळतं बाई. त्यासाठी कुणी पुस्तक विकत घेत नाही.

पुस्तक तू स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या नावानं काढायचं ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला आहे. म्हणून हातचं काही न राखता बोलते. पटेल ते घे, न पटेल ते सोड. पण एक हट्ट माझा राहील. ते शेवटचं प्रकरण काढून टाक. अधीनतेबद्दल तुला जे खरंखुरं उमगलंय, ते तू ताडपत्रीच्या प्रकरणात केव्हाच लिहून मोकळी झाली आहेस.

काय लिहिलंस ते आठव. वर्षाचं तिखट करायचं म्हणून घरी भिवापुरी मिरची आली. वाळवायचं काम यंदा माझ्याकडे, असं नवऱ्यानं जाहीर केलं. गच्चीवर चादरी अंथरल्या, मिरच्या पसरल्या आणि ‘आज पाऊस येत नाही’ असा निकालही देऊन टाकला. तुला पश्चिमेकडचे ढग दिसत होते. तू म्हणालीस, ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं.’ आणि खाली जाऊन ताडपत्री, दोरी आणि चार विटा जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवल्यास. दुपारी अवकाळीनं गाठलंच. दोघं गच्चीवर धावलात. एक टोक त्यानं धरलं, एक तू, आणि सासूबाई जिन्यातून दोघांनाही सूचना देत राहिल्या. संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत तुझ्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर आभार मानले, ‘प्रभू, माझ्या बायकोला माझ्यापेक्षा जास्त ढग दिसतात, त्याबद्दल तुझी स्तुती असो.’ सासूबाईंनी सगळ्यांत आधी ‘आमेन’ म्हटलं.

यात काय नाही? तू त्याचा शब्द तोडला नाहीस, चारचौघांत त्याला उघडं पाडलं नाहीस, आणि मिरचीही भिजू दिली नाहीस. त्यानं देवासमोर, आईसमोर, पोरांसमोर आपलं चुकलं असं कबूल केलं आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. दोघंही एकमेकांसाठी वाकलात. पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात हेच तर आहे. पाचव्या अध्यायातलं बाविसावं वचन, बायकांसाठीचं, आपण लग्नाच्या मंडपापासून ऐकत येतो. त्याच्या अगदी आधीचं एकविसावं वचन कमी वेळा कानावर पडतं. त्यात पौल बाईपुरुष असा भेद न करता सगळ्यांनाच ख्रिस्ताचा धाक मनात ठेवून एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतो. पुढे बायकांसाठी तीन वचनं आहेत आणि नवऱ्यांसाठी त्याच्या जवळजवळ तिप्पट. ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं प्रेम कर, हे नवऱ्याला सांगितलंय. तुझ्या पुस्तकात हे यायलाच हवं, पण त्यासाठी वेगळं प्रकरण नको. प्रार्थनेच्या त्या वाक्यानंतर दोन ओळींत येऊ दे आणि लगेच पुढच्या गोष्टीकडे वळ. वाचणारी बाई थांबेल, बायबल उघडून एकविसावं वचन बघेल. तिला बघू दे.

आता तू म्हणशील, देवाधर्माच्या गोष्टीत हसणं शोभतं का? अगं, मराठीतलं ख्रिस्ती घरातलं सगळ्यांत लाडकं पुस्तक कुठलं ते सांग बरं मला. ‘स्मृतिचित्रे’च ना! लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४ पासून चार भागांत आलं आणि आजही ख्रिस्ती, हिंदू, कुणाच्याही घरात वाचलं जातं. का वाचलं जातं? ती बाई खळखळून हसते म्हणून. सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकानं घरच्यांचा जीव मेटाकुटीला आणणारे वडील, आणि ज्याच्या हातात पैसा टिकत नाही, जो मनात येईल तेव्हा घर सोडून निघतो, क्षणात तापतो आणि क्षणात लेकरासारखा होतो असा नवरा. दोघांनाही तिनं हसत हसत लिहिलं, आणि वाचून झाल्यावर दोघांवरही आपला जीव जडतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले. पुस्तकाचा पहिला भाग आला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी. इतक्या वर्षांत तिच्या मनात कडवटपणा साठायला भरपूर जागा होती. पण पानांत तो शोधून सापडत नाही.

आपल्या नागपूरचंही त्या संसारात नाव आहे बरं का. टिळक काही काळ नागपुरात बुटी घराण्याच्या आश्रयाला होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि तिथून पुढचं सगळं घडलं. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, बायकोला न विचारता. पुढे १९३३ साली नागपुरात ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसल्या त्या लक्ष्मीबाई. लग्न झाल्यावर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई!

पण मला तुझ्या नजरेला आणून द्यायचंय ते वेगळंच. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाईंनी दुसऱ्या दिवशी बदलला नाही. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. नंतर त्यांच्याजवळ आल्या तरी आपलं सोवळं, आपला स्वयंपाक सांभाळून राहिल्या. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनानं कौल दिला तेव्हा. नवऱ्यानंही तोवर जबरदस्ती केली नाही. एवढी पाच वर्षं दोघांनी एकमेकांची वाट पाहिली. आणि नवरा गेल्यावर त्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईनं हातात घेतलं आणि साठाहून जास्त अध्याय स्वतः रचले. ज्या गोष्टीत मन मानत नव्हतं तिथे ती अडून राहिली, आणि जिथे मन जडलं तिथे नवऱ्याच्या कामाला उरलेलं आयुष्य देऊन टाकलं. अधीनतेवर पुस्तक लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी बाईनं आधी हे पुस्तक उशाशी घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तू शाळेत धडा म्हणून वाचलं असशील, तेवढ्यावर राहू नकोस. आख्खं वाच.

तुझ्या शेवटच्या प्रकरणाचा सूर कुठून आला तेही मला कळतंय. इंग्रजीतली तसली पुस्तकं तुझ्या कपाटात पाहिली मी. अमेरिकेत १९७३ साली मॅराबेल मॉर्गन या बाईचं ‘द टोटल वुमन’ आलं, नवऱ्याला कसं खूश ठेवावं यावरचं, आणि ते धडाधड खपलं. त्यानंतर त्या वाटेनं जाणारी पुस्तकं येतच राहिली. दुसऱ्या बाजूनं २०१२ साली रेचल हेल्ड इव्हान्स हिनं ‘अ इयर ऑफ बिब्लिकल वुमनहुड’ लिहिलं. बायबलमध्ये बाईला जे जे सांगितलंय ते तिनं वर्षभर अक्षरशः करून पाहिलं. सद्गुणी बाईच्या नवऱ्याला वेशीवर मान मिळतो असं नीतिसूत्रांत आहे, म्हणून ही बाई गावाच्या पाटीपाशी नवऱ्याच्या कौतुकाचा फलक धरून उभी राहिली. हसूही आहे त्यात आणि प्रामाणिकपणाही. २०१९ मध्ये ती फार लवकर गेली. तिचं वाच, आवडेल तुला.

पण त्या दोन्ही पुस्तकांतलं घर आपलं नाही. तिथे नवरा आणि बायको, दोघंच. आपल्याकडे नव्या सुनेला नवऱ्याच्या अधीन व्हायची संधी मिळते कधी? आधी सासू, मग सासरे, मग मोठी जाऊ, मग नणंद माहेरपणाला आलेली. नवऱ्याचा नंबर लागेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईबापांना सोडून बायकोला जडून राहील असं म्हटलंय, आणि आपल्याकडे घर सोडून येते ती बाई. यावर आपल्या एखाद्या बाईनं पोटतिडकीनं आणि हसत लिहिलेलं पुस्तक मला हवं आहे. ते तूच लिहू शकतेस. सासूबाई आणि तू मिळून नाताळच्या करंज्यांचं सारण कुणाच्या पद्धतीचं यावर तीन दिवस अबोला धरता, आणि चौथ्या दिवशी पाळकीणबाई यायच्या म्हणून दोन्ही पद्धतीच्या करंज्या ताटात मांडता, ते प्रकरण त्यातलंच आहे. रूथ आणि नामीची गोष्ट आपल्याकडे दर वर्षी बाया सभेत सांगतात, पण त्या दोघी रोज सकाळी चूल कुणी पेटवायची यावर काय बोलत असतील, हे कुणी सांगत नाही. तू सांगतेस.

आता एक गोष्ट कठोर होऊन सांगते. तुझं पुस्तक अशा बाईच्या हातात पडेल जिला नवरा मारतो. पडेलच. आपल्या मंडळीत अशा बाया आहेत, तुला माहीत आहेत, मलाही. ती तुझ्या पुस्तकात आपल्यासाठी उत्तर शोधेल. ‘सोसत राहा, देव पाहतो’ असा अर्थ तुझ्या एकाही वाक्यातून निघता कामा नये. तुझ्या शेवटच्या प्रकरणातलं ‘पतीचा राग शांतपणे झेलावा’ हे वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही. तुझ्या नवऱ्याचा राग म्हणजे दार जोरात लावणं आणि अर्ध्या तासानं चहा मागणं. तिच्या नवऱ्याचा राग वेगळा असतो. म्हणून पुस्तकात एक पान साध्या भाषेत लिही: मारहाण ही अधीनतेची परीक्षा नाही, तो गुन्हा आहे. २००५ चा घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा तिच्यासाठी आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि तिला घरी परत पाठवणाऱ्याचं ऐकण्याची सक्ती तिच्यावर नाही. हे पान विनोदी पुस्तकात विजोड दिसेल अशी भीती वाटेल तुला. दिसू दे. हसून झालेल्या बाईलाच ते पान नीट वाचता येतं.

आणि पंडिता रमाबाईंचं एक सांगू? १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टरबाईंशी आणि आपल्या गुरूंशी त्यांचे खटके उडाले. आम्ही सांगू ते मान, एवढीच त्या थोरामोठ्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी पत्रांतून स्वच्छ कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आले ते दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला नव्हे. ख्रिस्ताला मानलं, पण आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या स्वाधीन केली नाही. प्रेम मात्र शेवटपर्यंत तुटलं नाही. तुझ्या पुस्तकाला पाठीचा कणा हवा असेल तर तो इथे आहे.

स्वतः पुस्तक काढण्याची लाज वाटते म्हणालीस. ‘कुणी प्रकाशक मिळाला नाही म्हणून काढलं’ असं लोक बोलतील, असं. बोलू देत. रमाबाईंनी नवरा गेल्यावर, पदरात लहान मूल असताना, १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीती’ काढली आणि तिच्या विक्रीच्या पैशातून इंग्लंडचा प्रवास केला. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ छापून घेतलं आणि त्याच्या हजारो प्रतींनी बालविधवांच्या शाळेची पायाभरणी केली. शारदा सदन १८८९ साली उभं राहिलं त्यामागे ते पुस्तक आहे. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात छापखाना घातला. तिथल्या मुलीबाया खिळे जुळवायच्या, छापायच्या, बांधायच्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आख्खं बायबल केलं आणि १९२२ मध्ये त्या गेल्या. ते बायबल त्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापलं गेलं. एवढ्या थोर बाईला आपलं पुस्तक आपण काढण्यात संकोच वाटला नाही, तर तुला का वाटावा?

यातून एक कामाची गोष्टही निघते. तू जी वचनं उतरवली आहेस ती बायबल सोसायटीच्या मराठी शास्त्रातली आहेत. त्या भाषांतराचे हक्क सोसायटीकडे आहेत. इकडेतिकडे एखादं वचन ठीक, पण पानंच्या पानं घ्यायची तर त्यांना पत्र लिहून परवानगी घे. रमाबाईंच्या भाषांतराचे हक्क आता कुणाकडे उरलेले नाहीत. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतात. मला विचारशील तर वचनाचा आशय आपल्या शब्दांत सांग आणि अध्याय-वचन तेवढं दे. वाचणारीच्या घरी शास्त्र असतंच.

छापण्याआधी दोन ठिकाणी वाचून दाखव. पहिलं, ज्यांच्यावर लिहिलंस त्यांना. नवऱ्याला तू वाचून दाखवलंस हे कळलं, छान केलंस. पण सासूबाईंच्या चष्म्याचं प्रकरण त्यांना न विचारता छापू नकोस. त्या हसल्या तर छाप. गप्प झाल्या तर ते पान बाजूला ठेव, कितीही चांगलं जमलेलं असलं तरी. जाऊबाईंच्या मुलाच्या नापास होण्यावरचं तर काढूनच टाक. तो पोरगा आता सतरा वर्षांचा आहे, गावात त्याला तोंड दाखवायचंय. आपल्या घरातल्या ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर हसायचं नाही, एवढं पथ्य पाळ.

दुसरं ठिकाण म्हणजे मिरची सातरा. मी चेष्टा करत नाही. हंगामात आपल्याकडच्या कितीतरी बाया सकाळपासून तिथे मिरचीचे देठ खुडत बसतात. बोटांची आग आग होते म्हणून हाताला तेल चोळलेलं, नाकातोंडाला पदर बांधलेला, मध्येच एखादीला ठसका लागला की सगळी रांग खोकते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव दूरवर गेलं. देठ खुडणारे हात हेच. त्यांच्यात ख्रिस्ती किती असतील? एखादी असेल नसेल. पण तुझं लिखाण सासरी गेलेल्या प्रत्येक बाईचं आहे. दुपारच्या डब्याच्या वेळी परवानगी घेऊन बस आणि ताडपत्रीचं प्रकरण वाच. ज्या वाक्याला त्या हसतील ते सोडू नकोस. जिथे त्या एकमेकींकडे बघतील, तिथे तू काहीतरी खरं पकडलं आहेस. आणि जिथे एखादी ‘पुढं वाच ना बाई’ म्हणेल, तिथे तुझं प्रवचन सुरू झालेलं असेल. पेन्सिलीनं तिथे खूण कर.

पाळकसाहेबांनाही एक छापील मसुदा दे, पण मंजुरीसाठी नाही, वाचण्यासाठी. ते कदाचित म्हणतील, बाविसाव्या वचनाचा आदर कमी झाला. नम्रपणे एकविसाव्याबद्दल बोल. मतभेद राहिला तर राहू दे. १९७० च्या २९ नोव्हेंबरला आपल्या नागपुरातच सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. सगळ्यांचं सगळ्या गोष्टींत एकमत होतं म्हणून नव्हे. एका मेजाभोवती बसायची सवय आपल्याला आहे.

छपाईचं आता भरभर सांगते. पुस्तक लहान ठेव. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा, असे सहा फर्मे म्हणजे ९६ पानं. विनोदाला तेवढी पुष्कळ झाली. कागद पांढराशुभ्र नको, किंचित पिवळसर नॅचरल शेड घे, वयस्कर बायांच्या डोळ्यांना बरा. अक्षर मोठं. पहिल्यांदा दोनशेच प्रती काढ. डिजिटल छपाईत आता थोड्या प्रतीही निघतात, संपल्या की पुन्हा काढता येतात. हजार प्रती काढल्या की प्रत स्वस्त पडते असं प्रेसवाले सांगतील, आणि ते खरंही आहे. पण उरलेले गठ्ठे तुझ्याच पलंगाखाली येतील आणि वाळवी लागेल. ‘पैसे भरा, आम्ही तुमचं पुस्तक देशभर पोहोचवू’ असं म्हणणाऱ्यांचे फोन येतील. करारातली हक्कांची ओळ वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. लिहिल्या क्षणापासून हक्क तुझा असतो, तो कुणाच्या नावावर करू नकोस.

मुद्रितशोधन दुसऱ्याकडून करून घे. आपलं लिहिलेलं आपल्याला चुकूनही चुकलेलं दिसत नाही. तू मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतेस आणि बरेच डीटीपीवाले अजून जुन्या फाँटमध्ये काम करतात. तिकडून इकडे नेताना जोडाक्षरं फुटतात, ‘सातऱ्यावर’ मधला अर्धा र भलतीकडे जाऊन बसतो, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. म्हणून पान लागल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचं, मोठ्यानं, एकीनं वाचायचं आणि दुसरीनं वही धरायची.

आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था फुकट देते, स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक पाठवायची असते. १९५४ चा कायदाच आहे तसा. पाठव गं. भिवापूरच्या एका सुनेचं पुस्तक कोलकात्याच्या कपाटात जाऊन बसलं तर काय बिघडलं?

विकायचं कसं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. नाताळच्या आधीचा महिना, मंडळीतला विक्रीदिवस, महिला संघाची सभा. लांबच्या लोकांना पोस्टानं पाठवायचं तर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय. धार्मिक आणि सामाजिक पुस्तकं त्यातून जातात, ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून दर आहे. कर वेगळा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असायला हवं, ते आतल्या पानावर घालायला विसरू नकोस. उमरेडला किंवा आपल्याच पोस्टात विचारून घे. किंडलवर मराठी ई-पुस्तकही घालता येतं. पुण्यामुंबईकडच्या, परदेशातल्या लेकीसुनांसाठी ते बरं. पण आधी कागदावर काढ. सासूबाईंना हातात धरता यायला हवं.

किंमत शंभराच्या आत ठेव. सातऱ्यावरच्या बायांना अर्ध्या किमतीत दे, फुकट नको. फुकटचं पुस्तक त्या ठेवून देतील, पैसे मोजलेलं वाचतील आणि पोरीला वाचायला लावतील.

आणि नाव! मुखपृष्ठावर ‘सौ.’ आणि नवऱ्याचं नाव, आडनाव असं जे लिहिलंस ते तुला हवं म्हणून असेल तर राहू दे, मला काही म्हणायचं नाही. पण पद्धत म्हणून असेल तर तुझं एकटीचं नाव घाल. नवऱ्याला विचारून बघ, ज्यानं ढगांबद्दल आभार मानले तो नाही म्हणणार नाही.

मी पुढच्या आठवड्यात नागपूरला जाणार आहे. सीताबर्डीला माझ्या ओळखीच्या प्रेसमध्ये ९६ पानी, दोनशे प्रतींचा दर विचारून येते, महाल भागातही एकदोन ठिकाणी विचारीन. कागदाचे नमुनेही आणते. तोवर तू शेवटचं प्रकरण काढ, मारहाणीचं पान लिही, करंज्यांचं प्रकरण आणखी लांबव. त्यात सासरे कुठे होते त्या तीन दिवसांत? तू सांगितलंच नाहीस. ते आधी लिहून पाठव.